किद्दुशचा पेला आणि पोटातले बाळ



दर वर्षी ९ सप्टेंबरला अनेक देशांत एक दिवस पाळला जातो. नववा महिना, नववी तारीख. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून १९९९ सालापासून ही तारीख धरली आहे. त्या नऊ महिन्यांत आईने दारू घेतली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला जी इजा होऊ शकते, तिचे नाव फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर-नर्स नुसते एफएएसडी म्हणतात. मीही तसेच लिहीन.

हा विषय आपल्या बायकांत काढला की ठरलेले उत्तर येते. "अगं, आपल्या मुली कुठे दारू पितात? हे त्या थंड देशांतून आलेल्या लोकांचं दुखणं." मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, तेच आज लिहायचे आहे.

एक तर आपण ज्या मुलींबद्दल बोलतो त्या आता रेवदंड्याच्या किंवा भायखळ्याच्या नाहीत. त्या आपल्या नाती आहेत, लोद, अश्दोद, दिमोना, बेर-शेव्यात जन्मलेल्या. लष्कर संपवून पाठीवर पिशवी टाकून गोव्याला, मनालीला जाऊन आलेल्या. मैत्रिणींबरोबर बिअर घेतात, लग्नात नाचताना एखादा चेसर घेतात. यात मी त्यांना नावे ठेवत नाही. जग तसे आहे. पण दिवस गेल्याचे कळेपर्यंत चार-सहा आठवडे सहज निघून जातात, आणि तेवढ्यात दोन लग्ने आणि एक पुरीम होऊन गेलेला असतो.

दुसरे आपल्याच टेबलावरचे. आपण वाइनला दारू म्हणतच नाही. दारू म्हणजे व्हिस्की, अराक, कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली. शब्बाथची वाइन म्हणजे मित्स्वा. त्यामुळे किद्दुश झाला की आजोबा प्रेमाने पेला पुढे करतात आणि आजी म्हणते, "घे गं, एक घोट, आशीर्वादाचा आहे, काही होत नाही." पोटातल्या बाळाला बेराखा आणि बार यांतला फरक कळत नाही. १०० मिलिलिटर वाइन आणि ३० मिलिलिटर व्हिस्की यांत शुद्ध अल्कोहोल जवळजवळ सारखेच असते, प्रत्येकी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. बिअरच्या एका लहान बाटलीत तर त्याहून थोडे जास्तच, १३ ग्रॅम.

आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणींचा समज असतो की वार ही गाळणीसारखी असते, वाईट ते अडवते आणि चांगले ते बाळाकडे सोडते. अल्कोहोलच्या बाबतीत तसे काही होत नाही. आईच्या रक्तात जेवढे चढते, जवळजवळ तेवढेच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात पोचते. आईचे यकृत ते निस्तरते. बाळाचे यकृत अजून तयारच झालेले नसते. शिवाय बाळाभोवतीच्या पाण्यात अल्कोहोल रेंगाळते आणि बाळ तेच पाणी गिळत राहते. मेंदू पहिल्या आठवड्यांपासून शेवटच्या दिवसापर्यंत घडत असतो, म्हणून "आता सातवा महिना लागला, आता चालेल" हे म्हणणेही खरे नाही. किती घेतली तर नक्की धोका नाही, असा आकडा कुणालाही सांगता आलेला नाही. म्हणून सल्ला एकच दिला जातो: गरोदरपणात अजिबात नको.

यावर कुणी म्हणेल, "मी चारही वेळा वाइन घेतली, माझी मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली." झाली असतील, देवाची कृपा. २०१७ साली जगभरातल्या पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात गरोदरपणात दारू घेणाऱ्या दर १३ स्त्रियांपैकी एकीच्या बाळाला एफएएसडी होते असा अंदाज निघाला. म्हणजे १२ जणींची मुले सुटली. किती घेतली, कधी घेतली, आईचे खाणेपिणे कसे होते, अंगचा वारसा काय, यावर ते ठरते. तेरावी कोण असेल ते आधी कुणाला सांगता येत नाही. आणि आपण सुटलो हे नातीला धोका नाही याचे प्रमाणपत्र होत नाही.

घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. दिवस गेल्याचे कळण्याआधी एखादीने घेतली असेल तर तिने रडत बसू नये. कळले त्या दिवशी थांबावे आणि नर्सला मोकळेपणी सांगावे. नंतरचा प्रत्येक कोरडा दिवस बाळाच्या फायद्याचा असतो. मात्र जिला रोज आणि भरपूर घेण्याची सवय आहे तिने एकटीने एकदम बंद करू नये. अंगाला कंप सुटणे, झटके येणे असे होऊ शकते, तिथे डॉक्टरच हवा.

हे ज्ञान तसे नवीन आहे, आणि तसे जुनेही. नासो परशाच्या हफ्तारात आपण शोफ्तीमचा तेरावा अध्याय ऐकतो. मानोहाच्या बायकोला मूल नव्हते. तिला दूताने सांगितले की तुला मुलगा होईल, आणि तोपर्यंत तू स्वतः वाइन किंवा कडक पेय घेऊ नकोस. तिथे कारण नाझीरपणाचे आहे, वैद्यकाचे नाही, हे मी मान्य करते. पण मुलाचे व्रत आईच्या पेल्यापासून सुरू होते हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. डॉक्टरांना तिथवर यायला १९६८ साल उजाडले. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमवान या बालरोगतज्ज्ञाने दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन छापले. फारसे कुणी लक्ष दिले नाही. मग १९७३ साली अमेरिकेत सिअॅटल इथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या आजाराला नाव दिले आणि जग जागे झाले. म्हणजे माझ्या वयाच्या नर्सेस शिकत होत्या तेव्हा हा धडा पुस्तकात नव्हताच.

सुरुवातीला डॉक्टर चेहऱ्यावरून ओळखत: डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हाळी सपाट, वरचा ओठ पातळ. नंतर कळले की अशी मुले थोडी. बहुतेकांचा चेहरा इतरांसारखाच असतो. कारण चेहरा घडतो पहिल्या काही आठवड्यांत आणि मेंदू घडतो नऊ महिने. चेहरा छान आणि मेंदूला इजा, अशा मुलाचे निदान करायला ना रक्ताची तपासणी आहे ना फोटो. तिथे आईने खरे सांगावे लागते.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. आई खरे सांगेल का, हे प्रश्न कोण विचारते, कसा विचारते आणि त्या खोलीत आणखी कोण बसले आहे, यावर अवलंबून असते.

तिपत हलावची नर्स हा प्रश्न विचारू शकते. या केंद्रांचा मला अभिमान आहे. १९१३ साली अमेरिकेतून रोझ कॅप्लन आणि रेचल लँडी या दोन नर्सेस जेरुसलेमला आल्या, तिथून या देशातल्या घरोघरच्या नर्सिंगची सुरुवात झाली; नावाचा अर्थ दुधाचा थेंब. आज गरोदर बाईचे वजन, रक्तदाब, बाळाच्या लशी सगळे तिथे होते. पण नर्सच्या हाती वेळ मोजका असतो आणि समोर कॉम्प्युटर. "सिगारेट? नाही. दारू? नाही. पुढे." असे विचारले की उत्तरही तसेच येते. प्रश्नातच "नाही" बसलेले असते.

मी नोकरीत असताना दुसरा मार्ग धरला होता. "दिवस गेल्याचं कळायच्या आधीच्या महिन्यात तू काय काय पीत होतीस? कॉफी किती, कोला किती, बिअर-वाइन किती?" असे ओघात विचारायचे. कॉफीच्या जोडीने आलेल्या बिअरची लाज वाटत नाही. आणि सून सासूबरोबर आली असेल तर आधी सासूला काहीतरी काम द्यायचे, कारण सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हमखास सासू देते: "आमच्याकडे तसलं काही नाही." यात फक्त आपल्या सासवा नव्हेत, मोरोक्कोच्या, इराकच्या, रशियाच्या, सगळ्या एकाच शाळेत शिकलेल्या. मी त्यांना पाण्याचा पेला आणायला पाठवत असे. पाणी येईपर्यंत निम्मे काम झालेले असे.

तर या कामातल्या लोकांना मी म्हणेन की यंत्रे आणि पत्रके पुरे, माणसांना वेळ द्या. याचा एक चांगला नमुना सिअॅटललाच आहे. १९९१ साली तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने एक कार्यक्रम सुरू केला. गरोदरपणात खूप दारू किंवा नशा करणाऱ्या बाईला एक सोबतीण देतात. ही सोबतीण बाळ झाल्यावर निघून जात नाही, तीन वर्षे घरी येत राहते. डॉक्टरकडे नेते, घराचे भाडे, व्यसन सोडवण्याचे उपचार, कोर्टाचे कागद, सगळ्यांत बरोबर असते. पुष्कळदा ती स्वतःच तसल्या दिवसांतून बाहेर आलेली असते. मुख्य म्हणजे बाई पुन्हा प्यायली म्हणून तिला सोडून देत नाहीत. दारू सुटावी हा एक हेतू. आणि ती सुटत नसेल तर तोवर पुन्हा दिवस जाऊ नयेत, म्हणून संततिनियमनाची मदत, हा दुसरा. मला हा व्यवहारी आणि दयाळू विचार वाटतो. धाक घालून बाई दवाखान्यात यायची थांबते, प्यायची थांबत नाही.

जी मुले जन्माला आली आहेत त्यांचे काय? हे पूर्ण बरे होणारे दुखणे नाही. पण सांभाळल्याने फार फरक पडतो. सिअॅटलच्या अॅन स्ट्राइसगुथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा ४१५ जणांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल १९९६ साली आला. शाळा सुटणे, पोलिसांची भानगड, व्यसन अशी पुढची संकटे त्यांच्यापैकी पुष्कळांना भोगावी लागली होती. पण ज्यांचे निदान सहा वर्षांच्या आत झाले आणि ज्यांना एक स्थिर, मायेचे घर मिळाले, ती त्यातून जास्त वाचली. औषधाच्या बाटलीचे नाव त्यात नाही, घराचे आहे.

आता घर म्हणजे कोण? या देशात दुपारी मुलाला गानमधून आणते कोण? आपणच. आई-बाप कामावर, साफ्ता दारात. म्हणून अशा मुलाची वागणूक आधी आपल्याच नजरेला पडते. बोलायला चुरचुरीत, पण सांगितलेले अर्धेच समजते. काल पाठ होते ते आज कोरे. वेळ कळत नाही, पैशाचा हिशेब जमत नाही. त्याच चुकीसाठी दहा वेळा शिक्षा झाली तरी अकराव्यांदा तेच. मोठा आवाज, गर्दी, सिनेगॉगमधली सणाची धांदल सहन होत नाही, मग आरडाओरडा. आणि आपण म्हणतो हट्टी आहे, लाडावलाय, आईचे वळण नाही. एक चपराक हवी.

चपराकेने काही होत नाही. हे मूल ऐकत नाही असे नसते. ऐकलेले त्याच्या डोक्यात टिकत नाही. या मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षिका आणि थेरपिस्ट जे करतात ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "बूट काढ." ते झाले की "हात धू." रोजचा क्रम तोच ठेवायचा, आज आधी जेवण आणि उद्या आधी आंघोळ असे नको. सांगण्यापेक्षा करून दाखवायचे, चित्र लावून ठेवायचे. टीव्ही बंद. पाहुण्यांचा घोळका जमला तर त्याला आतल्या खोलीत शांत बसू द्यायचे, "ये, सगळ्यांना गाणं म्हणून दाखव" म्हणून ओढायचे नाही. वय आठ असले तरी समज पाचची असेल, तर पाचच्या मुलाकडून जेवढे मागू तेवढेच मागायचे.

मात्र हे वाचून कुणी शेजारच्या नातवंडाला नाव चिकटवू नये. चुळबुळे मूल म्हणजे एफएएसडी नव्हे. ऐकायला कमी येते, लक्ष लागत नाही, ऑटिझम, घरातली भांडणे, कारणे शंभर आहेत. ठरवायचे काम मुलांच्या वाढीच्या केंद्रातल्या तज्ज्ञांचे, आणि तेही एकट्या डॉक्टरचे नाही. मानसशास्त्रज्ञ, बोलण्याच्या थेरपिस्ट, हाताच्या कामाच्या थेरपिस्ट, समाजसेविका, सगळ्यांनी मिळून पाहावे लागते. कुपत होलिमच्या बालरोगतज्ज्ञाकडून चिठ्ठी घ्यावी लागते आणि नंबर लवकर लागत नाही, म्हणून शंका आली की वाट न पाहता नाव घालून ठेवावे.

आणि तपासणीच्या वेळी आईला प्रश्न विचारला जाईल, तेव्हा आपण काय चेहरा करतो हे महत्त्वाचे आहे. घरात आधीच "तूच प्यायली असशील" असे बोलणे झालेले असेल तर ती तिथे तोंड उघडणार नाही. मग निदान नाही आणि मदतही नाही. नुकसान मुलाचे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे फार चांगले केले. दवाखान्याच्या बाहेर सुनेला म्हणाल्या, "तू आत काय सांगशील ते तिथेच राहील, मी विचारणार नाही." त्यांनी आजवर विचारलेले नाही. नातू आता वेगळ्या शिक्षिकेकडे शिकतो, आणि शुक्रवारी त्या दोघी मिळून स्वयंपाक करतात.

पुरुषांनाही दोन शब्द. बाई पोटुशी असली की सगळी पथ्ये तिची, आणि काका मात्र तिच्यासमोर व्हिस्कीची बाटली उघडून "तू नको हं घेऊस" म्हणून हसतात. नवऱ्याने नऊ महिने तिच्याबरोबर सोडून द्यावी. घरात बाटलीच नसली की तिला "नको" म्हणण्याचे कष्ट पडत नाहीत.

मुंबईहून येताना आपण जे आणतो त्याकडेही बघा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट या आंबवून केलेल्या औषधांत अल्कोहोल आपोआप तयार होते. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, चष्मा लावून वाचा. "ताकद येईल" म्हणून गरोदर नातीला हे चमचाभरही देऊ नका. बाळंतिणीला ब्रँडी द्यायची आपली जुनी रीत आहे, तीही आता विसरावी. ब्रँडीने दूध वाढत नाही, ती दुधात उतरते.

राहिला किद्दुश. वाइनशिवाय किद्दुश कसा, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्या कोकणातल्या पणजीची आठवण देते. तिथे कोशेर वाइन कुठून येणार? आपले लोक काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दुश करत, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्यांचा शब्बाथ आपल्यापेक्षा उणा नव्हता. आज तर दुकानात द्राक्षांचा कोशेर रस मिळतो, त्याची बेराखा तीच. दुसऱ्याने म्हटलेला किद्दुश नीट ऐकला तरी तिचा किद्दुश होतो. पेला तोंडाला लावायलाच हवा असे नाही. पेसाहच्या चार पेल्यांची शंका असेल तर हज्जानना किंवा रब्बींना विचारा. मात्र नातीला एकटीला वेगळा पेला देऊ नका, दिवस गेल्याची बातमी तिने अजून कुणाला सांगितली नसेल. सगळ्या टेबलालाच शरबत वाढा.

करायला सोपे आहे. दोन मुठी काळ्या मनुका निवडून, किडा वगैरे बघून, धुऊन घ्या. तीन-चार पेले पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. सकाळी हाताने चांगल्या कुस्करा, स्वच्छ फडक्यातून पिळून गाळा. साखर लागत नाही. गुरुवारी रात्री भिजवल्या तर शुक्रवारी संध्याकाळी ताजे शरबत मिळते. बाटली फ्रिजमध्येच ठेवा आणि शब्बाथ सुटल्यावर उरलेले टाकून द्या. बाहेर उन्हाळ्यात दोन-तीन दिवस राहिले तर ते आंबते आणि त्याचीच वाइन होऊ लागते.